व्यसन, अंमल आणि जगण्याचे मोजमाप : एका प्रश्नाचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

व्यसनाधीन माणसाचे जगणे कसे असते, हा प्रश्न आज वैद्यक, मानसशास्त्र आणि समाजकार्य या तिन्ही क्षेत्रांत 'जीवनगुणवत्ता' या संज्ञेखाली विचारला जातो. संज्ञा नवी असली तरी प्रश्न नवा नाही. अफू, गांजा व दारू यांचे सेवन करणाऱ्यांच्या आयुष्याची विचारपूस हिंदुस्थानात निदान सव्वाशे वर्षांपासून चालू आहे. आयोग नेमले गेले, शेकडो साक्षी झाल्या, नोंदवह्या भरल्या गेल्या, कायदे झाले. मात्र या सर्व विचारपुशीत एक गोष्ट सातत्याने आढळते. प्रश्न विचारणारा बदलत गेला, तरी उत्तर देणारा बहुधा व्यसनी माणूस नव्हता. त्याच्या जगण्याविषयी कधी खजिन्याने उत्तर दिले, कधी पोलिसाने, कधी न्यायाधीशाने, तर कधी डॉक्टरने. खुद्द त्याला विचारण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागली. आणि तीही जुन्या गृहीतकांपासून सर्वस्वी मुक्त आहे असे म्हणता येत नाही.

प्रस्तुत लेखाचा हेतू या स्थित्यंतराचा मागोवा घेणे हा आहे. त्यासाठी दोन प्रकारच्या पुराव्यांचा आधार घेतला आहे. एक, शासकीय चौकश्या व कायदे. आणि दुसरा, या विषयासाठी वापरात आलेले शब्द. शब्दांचा पुरावा येथे गौण नाही. नोंदवहीच्या रकान्यात कोणता शब्द लिहिला गेला यावर एखादा माणूस वेड्यांच्या इस्पितळात जाई की घरी परत येई, हे ठरत असे, असे पुढे दिसून येईल.

२. 'व्यसन' आणि 'अंमल'

'व्यसन' हा शब्द 'वि' या उपसर्गपूर्वक 'अस्' म्हणजे फेकणे या धातूपासून सिद्ध झाला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांना वाहिलेले आहे. जे माणसाला श्रेयापासून दूर फेकते ते व्यसन, अशी शब्दाची उपपत्ती तेथे मिळते. परंतु त्या अधिकरणात ज्यांची चर्चा येते ती व्यसने केवळ मद्यपान किंवा द्यूत नव्हेत. राज्याच्या घटकांवर येणारी संकटेही 'व्यसन' याच नावाने ओळखली जातात. आग, पूर, रोगराई व दुष्काळ यांचा विचारही तेथेच येतो. म्हणजे एकाच शब्दाने दोन भिन्न गोष्टी सांगितल्या जात: माणसावर कोसळलेली आपत्ती आणि माणसाने अंगी लावून घेतलेला दोष. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात कामज दहा व क्रोधज आठ अशी अठरा व्यसने सांगितली आहेत. येथेही संदर्भ राजधर्माचा आहे. राजा व्यसनी झाला तर राज्य बुडते, म्हणून व्यसनाचा विचार. व्यसनी माणसाला स्वतःला काय भोगावे लागते, हा या ग्रंथांचा मुख्य विषय नव्हता.

मराठीत 'संकट' हा अर्थ हळूहळू मागे पडला आणि 'दोष' हा अर्थ उरला. तथापि प्रत्ययांच्या निवडीत तो जुना दुहेरीपणा अद्यापि जिवंत आहे. 'व्यसनी' म्हटले म्हणजे व्यसन हा त्या माणसाचा स्वभाव ठरतो. जसा लोभी, तसा व्यसनी. 'व्यसनाधीन' म्हटले म्हणजे तो दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात गेलेला असतो. 'व्यसनग्रस्त' म्हटले म्हणजे तो पूरग्रस्त आणि दुष्काळग्रस्त यांच्या पंक्तीला जाऊन बसतो आणि साहाय्याचा अधिकारी होतो. तीन शब्द, तीन न्यायनिवाडे.

अरबीतून आलेला 'अंमल' हा शब्द याहून बोलका आहे. मराठीत राज्याचा अंमल बसतो आणि अफूचाही अंमल चढतो. अंमलदार आणि अमली पदार्थ हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत. नशा ही एक सत्ता असून माणूस तिचा प्रजाजन होतो, ही कल्पना भाषेने किती सहजपणे पत्करली आहे, हे यावरून दिसते. युरोपीय भाषांतही काहीसे असेच घडले. व्यसनी माणसासाठी इंग्रजीत रूढ असलेला 'अ‍ॅडिक्ट' हा शब्द लॅटिन 'आडिक्टुस' यापासून आला. रोमन कायद्यात कर्ज न फेडल्यामुळे न्यायाधिकाऱ्याने सावकाराच्या हवाली केलेल्या ऋणकोला ही संज्ञा होती. स्वतःच्या देहावरील हक्क गमावलेला माणूस हे चित्र दोन्हीकडे समान आहे. ज्याचा स्वतःवर ताबा नाही त्याची साक्ष कशी ग्राह्य मानावी, ही शंका या चित्रातच दडलेली आहे. आणि पुढील इतिहासात त्याला कोणी फारसे काही विचारले नाही, याचे एक कारण हेही असावे.

३. खजिन्याचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकात अफू आणि दारू हे सरकारी उत्पन्नाचे भरघोस मार्ग होते. बंगालकडील अफूचे उत्पादन सरकारी मक्तेदारीखाली होते, तर शिंदे-होळकरांच्या माळव्यातील अफू मुंबई बंदरातून बाहेर जाताना तिच्यावर जकात घेतली जाई. दारूच्या बाबतीत मुंबई इलाख्यात १८७८ चा आबकारी कायदा झाला. या व्यवस्थेत पिणाऱ्याची गणना होती ती 'खप' या सदरात. किती गॅलन विकले गेले, किती रुपये जमा झाले, हे आकडे वर्षानुवर्षे छापले गेले. पिणाऱ्याच्या घरी काय शिजले, याची नोंद करण्याचे कोणालाही कारण नव्हते.

याविरुद्ध आवाज उठवणाऱ्या मराठी माणसांत जोतीराव फुले अग्रेसर होते. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये त्यांनी शहरात नव्याने निघालेल्या दारूच्या दुकानांस लेखी हरकत घेतली. या हरकतीचे महत्त्व असे की, तिच्यात दारूचा विचार महसुलाच्या बाजूने नव्हे, तर वस्तीच्या आणि कुटुंबाच्या बाजूने केलेला होता. नगरपालिका आरोग्यासाठी खर्च करते आणि त्याच शहरात सरकार दारूची दुकाने उघडते, यातील विसंगती त्यांच्या ध्यानात आली होती.

इंग्लंडमधील अफूविरोधी चळवळीच्या रेट्याने पार्लमेंटने १८९३ मध्ये अफूविषयक शाही आयोग नेमण्याचा ठराव केला. लॉर्ड ब्रॅसी हे त्याचे अध्यक्ष होते आणि दरभंग्याचे महाराज लक्ष्मेश्वर सिंह व जुनागढचे माजी दिवाण हरिदास विहारीदास देसाई हे दोन हिंदी सदस्य होते. आयोगाने हिंदुस्थानात फिरून शेकडो साक्षी घेतल्या; मुंबईतही त्याच्या बैठकी झाल्या. आयोगाकडे सोपवलेल्या प्रश्नांत अफूचा लोकांच्या नैतिक व शारीरिक स्थितीवर होणारा परिणाम हा एक प्रश्न होता. परंतु त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न होता: अफूबंदी केली तर होणारा खर्च सोसण्यास हिंदी लोक तयार आहेत काय? जगण्याचा प्रश्न आणि जमाखर्चाचा प्रश्न अशा रीतीने एकाच कागदावर आले. १८९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने बहुमताने बंदीची आवश्यकता नाकारली. बहुसंख्य सेवन करणारे प्रमाणात सेवन करतात आणि त्यापासून त्यांना विशेष अपाय होत नाही, असा त्याचा एकंदर सूर होता. सदस्यांपैकी हेन्री विल्सन यांनी भिन्नमत नोंदवले. अहवालाचा निष्कर्ष बरोबर की चूक हा येथे मुद्दा नाही. लक्षात घ्यावयाचे ते हे की, अफू खाणाऱ्याची स्थिती 'बरी' आहे असे जे ठरले ते प्रामुख्याने अधिकारी, डॉक्टर व प्रतिष्ठित नागरिक यांच्या निरीक्षणावरून.

४. रकान्यातील कारण

याच सुमारास, १८९३-९४ मध्ये, भांग, गांजा व चरस यांविषयीचा स्वतंत्र आयोग काम करीत होता. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने सत्तर प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली आणि १,१९३ साक्षीदारांची मते जमवली. त्या प्रश्नांत एक प्रश्न असा होता की, ही द्रव्ये सोडावी लागल्यास सेवन करणाऱ्या एखाद्या वर्गाला ते मोठे दुःख वाटेल काय? आजच्या परिभाषेत ज्याला जीवनगुणवत्तेचा प्रश्न म्हणता येईल, त्याच्या हा अगदी जवळ जातो. पण तो विचारला गेला सेवन करणाऱ्याविषयी, सेवन करणाऱ्याला नव्हे.

आयोगाचे सर्वांत मोलाचे काम मात्र वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदींबाबतचे होते. गांजाने वेड लागते हा समज सर्वत्र होता आणि त्याला आधार होता इस्पितळांच्या वार्षिक आकड्यांचा. मुंबई इलाख्यातील कुलाबा, पुणे, रत्नागिरी, धारवाड आदी इस्पितळांप्रमाणेच देशभर प्रत्येक रुग्णाबरोबर एक वर्णनपत्रक येई आणि त्यात 'वेडाचे कारण' असा एक रकाना असे. हा रकाना भरण्याचे काम पुष्कळदा पोलिसांच्या चौकशीवर अवलंबून असे. रस्त्यावर सापडलेल्या, नातलग नसलेल्या, कधीकधी भाषाही न कळणाऱ्या माणसाचे कारण लिहावयाचे कसे? अशा वेळी 'गांजा' हा शब्द हाताशी तयार होता. एकदा पत्रकात तो लिहिला गेला की इस्पितळाच्या नोंदवहीत उतरे, नोंदवहीतून वार्षिक अहवालात जाई, आणि अहवालातून तो शास्त्रीय सत्य म्हणून परत येई.

आयोगाने १८९२ सालची प्रकरणे एकेक करून पुन्हा तपासली. त्या वर्षी इस्पितळांत १,३४४ रुग्ण दाखल झाले होते. त्यांपैकी २२२ जणांचे वेड या द्रव्यांमुळे उद्भवले असे नोंदवलेले होते. तपासणीअंती ज्यांत या द्रव्यांचा संबंध मान्य करता येईल अशी केवळ ९८ प्रकरणे उरली. म्हणजे निम्म्याहून अधिक नोंदी टिकल्या नाहीत. रकान्यात एक शब्द लिहिण्याच्या सवयीने शंभराहून अधिक माणसांचे चरित्र चुकीचे लिहिले गेले होते, आणि तेही एका वर्षात. लाला निहालचंद आणि राजा शशिशेखरेश्वर राय या सदस्यांनी आयोगाच्या मुख्य निष्कर्षांशी असहमती दर्शवली, ही गोष्टही येथे नोंदवली पाहिजे. तथापि नोंदींच्या या उलटतपासणीचे मूल्य त्यामुळे कमी होत नाही.

या प्रकरणाचा बोध केवळ गांजापुरता मर्यादित नाही. 'व्यसन' हे कारण म्हणून लिहिले की दारिद्र्य, उपासमार, आजार, घर सुटणे ही इतर कारणे शोधण्याची गरज उरत नाही. व्यसनी माणसाच्या हलाखीचे स्पष्टीकरण त्याच्या व्यसनातच आहे, असे मानले जाते. व्यसनी माणसाच्या जगण्याविषयी विचार करताना हा सर्वांत मोठा धोका होय.

५. गिरणगावातील अफू

हा धोका टाळून विचार केला तर काय दिसते, याचे एक उदाहरण मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासात सापडते. डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी मुंबई सरकारसाठी स्त्री-कामगारांच्या प्रसूतिपूर्व व प्रसूत्युत्तर स्थितीची पाहणी केली. १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात, गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जाते, असे नमूद होते. 'बाळागोळी' या गोंडस नावाने ती विकली जाई.

हा आकडा वाचून आईला दोष देणे सोपे होते, आणि तसा तो दिलाही गेला. परंतु गिरणीचे तास दहा-दहा होते, बहुतेक ठिकाणी पाळणाघर नव्हते, आणि चाळीच्या एका खोलीत मूल सांभाळणारे कोणी असेलच याची शाश्वती नव्हती. रडणारे मूल निजवून ठेवल्याशिवाय पाळी गाठता येत नसे, आणि पाळी चुकली तर मजुरी बुडे. येथे अफू हे दुःखाचे मूळ नसून दुसऱ्याच एका अडचणीवर काढलेला घातक तोडगा होता. म्हणूनच या स्थितीवर जे उपाय सुचवले गेले त्यांत गोळीच्या विक्रीवर निर्बंध घालण्याबरोबर पाळणाघरे व प्रसूतिभत्ता यांचाही अंतर्भाव होता. मुंबईचा प्रसूतिलाभ कायदा १९२९ मध्ये झाला. द्रव्याकडे न पाहता जगण्याकडे पाहिले की उपायांची यादी बदलते, हा या प्रकरणाचा धडा आहे.

६. परवाना आणि नोंदणी

स्वातंत्र्यानंतर राज्यसंस्थेची भूमिका पालटली. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेये व द्रव्ये यांच्या बंदीचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य मानले. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून संपूर्ण दारूबंदी अमलात आली. अफूच्या बाबतीत १९४९ च्या अखिल भारतीय परिषदेने औषधी उपयोगाखेरीज होणारी विक्री दहा वर्षांत संपुष्टात आणण्याचे ठरवले.

या धोरणातून एक नवा मनुष्यप्रकार जन्मास आला, तो म्हणजे परवानाधारक अथवा नोंदणीकृत व्यसनी. प्रकृतीच्या कारणासाठी दारू आवश्यक आहे असा दाखला मिळाल्यास परवाना मिळे. अफूची सवय जडलेल्या वृद्धास वैद्यकीय दाखल्यावर ठरावीक मात्रा मिळे. पूर्वी जो खपाच्या आकड्यात होता, तो आता व्यक्ती म्हणून कागदावर आला. ही प्रगतीच म्हणावी लागेल. मात्र कागदावर येण्याची अट अशी होती की, आपण व्यसनी आहोत हे त्याने दाखल्यानिशी सिद्ध करावे. ज्याच्यापाशी डॉक्टर गाठण्याइतके पैसे व शब्द होते त्याला परवाना मिळाला. ज्याच्यापाशी ते नव्हते त्याला हातभट्टी आणि तुरुंग. दारूबंदीच्या काळातील जीवनमानाचा विचार करताना ही वर्गीय विभागणी दृष्टीआड करता येत नाही.

१९८५ मध्ये गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा केंद्रीय कायदा झाला. त्यातील 'व्यसनी' या संज्ञेची व्याख्या अभ्यासकांनी अवश्य पाहावी. मूळ व्याख्येत या द्रव्यांचे व्यसन जडलेली व्यक्ती ती व्यसनी, असा शब्दाने शब्दाचाच अर्थ सांगितला होता. २००१ च्या दुरुस्तीने त्या जागी द्रव्यावर 'अवलंबित्व' असलेली व्यक्ती, असा बदल झाला. उपचारासाठी स्वेच्छेने पुढे येणाऱ्या व्यसनी व्यक्तीस काही अपराधांच्या बाबतीत खटल्यापासून संरक्षण देणारी तरतूदही या कायद्यात आहे. शब्द बदलला तो वैद्यकाच्या प्रभावाने. तो वैद्यकात कसा आला, हे आता पाहावयाचे आहे.

७. वैद्यकाची परिभाषा

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९५७ मध्ये 'व्यसन' आणि 'सवय' यांत भेद करण्याचा यत्न केला. व्यसनात अनिवार ओढ, मात्रा वाढवण्याची प्रवृत्ती आणि समाजाला अपाय. सवयीत केवळ इच्छा आणि झालाच तर स्वतःपुरता अपाय. हा भेद व्यवहारात टिकेना. १९६४ मध्ये समितीने दोन्ही शब्दांऐवजी 'अवलंबित्व' ही संज्ञा सुचवली. १९७६ मध्ये ग्रिफिथ एडवर्ड्‌स व मिल्टन ग्रॉस यांनी मद्यावलंबित्वाच्या लक्षणसमुच्चयाचे वर्णन केले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या १९८० च्या आवृत्तीत 'द्रव्यवापर विकार' हे शीर्षक आले आणि २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत 'गैरवापर' व 'अवलंबित्व' हे दोन वर्ग एकत्र करून सौम्य, मध्यम व तीव्र अशा पायऱ्या असलेला एकच विकार मानला गेला. त्या विकाराच्या अकरा निकषांत कामधंदा, शिक्षण व घर यांतील जबाबदाऱ्या पार न पडणे, आणि पूर्वीचे उद्योग व छंद सुटणे, यांचाही समावेश आहे. म्हणजे निदानाच्या व्याख्येतच जगण्याचा काही भाग शिरला.

उपचाराच्या क्षेत्रातील मोठे वळण न्यूयॉर्कमध्ये आले. व्हिन्सेंट डोल व मेरी निस्वांडर यांनी १९६४ पासून हेरॉइनच्या व्यसनींना दररोज मेथाडोन देण्याचा प्रयोग केला आणि १९६५ मध्ये २२ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांनी यशाचे गमक म्हणून जे सांगितले त्यात नोकरी मिळणे, शाळेत परतणे आणि घरच्यांशी समेट होणे या गोष्टी ठळक होत्या. द्रव्य सर्वस्वी सुटले नाही तरी जगणे सुधारू शकते, हा विचार त्यातून पुढे आला. भारतात याच तत्त्वावर प्रामुख्याने ब्युप्रेनॉर्फिनचा वापर झाला आणि २००७ नंतर राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात त्याला स्थान मिळाले. या विचाराला विरोधही तितकाच झाला. एका द्रव्याच्या जागी दुसरे द्रव्य देणे ही मुक्ती कशी, असा तो आक्षेप होता. वस्तुतः हा वाद औषधापेक्षा 'मुक्ती' या शब्दाच्या अर्थाविषयीचा होता.

८. 'गर्द' आणि 'मुक्ती'

मराठीत हाच वाद १९८० नंतरच्या दशकात उभा राहिला. ब्राउन शुगर या नावाने येणारे अशुद्ध हेरॉइन मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत पसरले. त्याला 'गर्द' म्हणजे धूळ हे फारसी वळणाचे नाव मिळाले आणि ते घेणारा 'गर्दुल्ला' झाला. बोलीने घडवलेला हा शब्द माणसाला त्याच्या द्रव्यातच विरघळवून टाकतो. त्यामागे नाव, गाव, नातेगोते काही उरत नाही. अनिल अवचट यांनी 'गर्द' याच नावाने या विषयावर पुस्तक लिहिले. त्याच काळात, २९ ऑगस्ट १९८६ रोजी, डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची स्थापना केली. या कार्याला पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांचे आर्थिक साहाय्य लाभले होते.

या केंद्राचे ऐतिहासिक महत्त्व दोन कारणांनी आहे. एक, व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तेथे कार्यकर्ते झाली. म्हणजे ज्याची साक्ष आजवर अग्राह्य होती, तोच आता साक्षीदार व सल्लागार दोन्ही झाला. दुसरे, पत्नी व कुटुंबीय यांनाही या कामात सामावून घेण्यात आले. व्यसनमुक्ती म्हणजे केवळ द्रव्य थांबणे नव्हे, तर घर पुन्हा उभे राहणे, ही दृष्टी यामागे होती. पाश्चात्त्य विद्यापीठांत जीवनगुणवत्तेच्या मोजपट्ट्या तयार होत होत्या त्याच सुमारास मराठी समाजात तोच प्रश्न पारावरच्या गोष्टीच्या भाषेत विचारला जात होता, असे म्हणावयास हरकत नाही.

९. मोजपट्टी आणि भाषा

जागतिक आरोग्य संघटनेने जीवनगुणवत्तेच्या मोजमापाचा प्रकल्प १९९० नंतरच्या दशकात पार पाडला. त्यात जगभरातील पंधरा केंद्रांनी भाग घेतला. नवी दिल्ली व मद्रास ही त्यांतील दोन. आपण ज्या संस्कृतीत व मूल्यव्यवस्थेत राहतो तिच्या संदर्भात, आणि स्वतःच्या ध्येयांच्या व अपेक्षांच्या तुलनेत, आपल्या आयुष्यातील स्थानाविषयी व्यक्तीची स्वतःची जी धारणा, ती जीवनगुणवत्ता, अशा आशयाची व्याख्या तेथे स्वीकारली गेली. शंभर प्रश्नांची मूळ प्रश्नावली आणि तिचे सव्वीस प्रश्नांचे संक्षिप्त रूप असे दोन प्रकार आहेत. संक्षिप्त रूपात शारीरिक, मानसिक, सामाजिक संबंध व परिसर ही चार क्षेत्रे येतात.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने या प्रकल्पातील एक प्रक्रिया उल्लेखनीय आहे. 'मुळीच नाही' आणि 'अत्यंत' या दोन टोकांमधील पायऱ्यांना कोणते शब्द द्यावेत, हे भाषांतराने ठरवले गेले नाही. दहा सेंटिमीटर लांबीच्या रेघेवर त्या त्या भाषेच्या सामान्य भाषकांनी 'थोडे', 'बऱ्यापैकी', 'पुष्कळ' यांसारखे शब्द कोठे बसतात ते खूण करून दाखवावयाचे, आणि जे शब्द पाव, अर्ध्या व पाऊण अंतराच्या जवळ पडतील ते स्वीकारावयाचे, अशी ती रीत होती. मराठीत 'बरे' या शब्दाला रेघेवर जागा शोधू गेल्यास ही रीत किती आवश्यक आहे, ते कळते. 'बरे आहे' हे उत्तर समाधानही सांगते आणि निरुपायही.

संज्ञेच्या बाबतीतही तोच सावधपणा हवा. 'राहणीमान' बाहेरून मोजता येते: घर, मिळकत, अन्न. 'जीवनगुणवत्ता' आतून सांगावी लागते. दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले गेले की, ज्याला घर आहे पण घरात कोणी बोलत नाही, अशा माणसाचे दुःख आकड्यातून निसटते.

या मोजपट्टीच्या आधारे झालेल्या अभ्यासांतून दोन गोष्टी पुनःपुन्हा आढळल्या. द्रव्यवापर विकार असलेल्या व्यक्तींची जीवनगुणवत्ता सर्वसामान्यांपेक्षा कमी असते, आणि ती उणीव शारीरिक क्षेत्रापेक्षा मानसिक क्षेत्रात अधिक ठळक असते. शिवाय द्रव्य सुटले की इतर सर्व आपोआप सुधारते, असेही दिसत नाही; रोजगार, निवारा, सोबत व मनाचा आजार यांचा भार स्वतंत्रपणे पडतो. १८९४ च्या आयोगाने एका रकान्यापुरते जे दाखवले होते, ते येथे व्यापक स्वरूपात दिसून आले: व्यसन हे हलाखीचे एकमेव कारण नव्हे.

तथापि ही मोजपट्टीही निर्दोष नाही. संक्षिप्त प्रश्नावलीतील चौथा प्रश्न असा आहे: दैनंदिन व्यवहार चालवण्यासाठी तुम्हाला वैद्यकीय उपचारांची कितपत गरज भासते? हा प्रश्न उलट्या क्रमाने गुणांकित होतो. गरज जितकी अधिक, तितके गुण कमी. दररोज ब्युप्रेनॉर्फिन घेऊन जो माणूस कामावर जातो आणि रात्री मुलांसोबत जेवतो, त्याने या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर दिले तर त्याचे गुण घटतात. ज्या औषधाने त्याचे जगणे सावरले, तेच औषध त्याच्या जगण्याची उणीव म्हणून मोजले जाते. परावलंबन म्हणजे हीनता, हा 'आडिक्टुस' व 'अंमल' या शब्दांतील जुना संस्कार येथे एका अंकात उतरला आहे. प्रश्न त्यालाच विचारला गेला खरा. पण उत्तराचा अर्थ आधीच ठरून गेला होता.

१०. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, व्यसनाधीन माणसाच्या जगण्याचा इतिहास हा बव्हंशी त्याच्याविषयी विचारल्या गेलेल्या प्रश्नांचा इतिहास आहे. खजिन्याने त्याला खप मानले, इस्पितळाने कारण मानले, कायद्याने परवानाधारक अथवा अपराधी मानले, वैद्यकाने लक्षणसमुच्चय मानले. प्रत्येक दृष्टीत काही तथ्य होते. परंतु प्रत्येक दृष्टीने त्याच्या आयुष्यातील जो भाग आपल्या उपयोगाचा तेवढाच पाहिला.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील दहा ते पंचाहत्तर वयोगटातील शेकडा १४.६ व्यक्ती मद्यसेवन करतात. आणि मद्यावलंबित्व असलेल्या अडतीस जणांपैकी केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळतो. उरलेल्या सदतीस जणांच्या जगण्याची नोंद कोणत्या वहीत होते, कोण करते आणि कोणत्या शब्दांत, याचा शोध घेणे हे इतिहास व भाषा या दोन्ही विषयांच्या अभ्यासकांपुढील कार्य आहे. १८९२ सालच्या त्या १२४ माणसांच्या रकान्यात चुकीचा शब्द लिहिला गेला होता, आणि तो कोणीतरी पुन्हा तपासून पाहिला म्हणूनच चूक उघड झाली. आजच्या रकान्यांचीही तशी तपासणी करावी लागेल. मात्र या वेळी ज्याच्याविषयी लिहिले आहे त्यालाच ते वाचून दाखवून.